अलार्म ७०४१

अंबडला, शेवटच्या बस थांब्याच्या मागे
आम्ही बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा करतो.
मी डिस्पॅचला. वजन करते, पेटी खिळवून घेते,
इनव्हॉइसवर श्टुटगार्ट लिहिते आणि किलोचा भाव.
आठ वर्षांत तो भाव हलला असेल
तर दशांशचिन्हाच्या उजवीकडे.

मार्चात तीन नंबरचं ग्राइंडिंग बंद पडलं.
पडद्यावर लाल: ७०४१.
पुस्तकात ७०४० होता, ७०४२ होता.

रंगनाथ तांबट मशिनीला कान लावून म्हणाले,
स्पिंडल. मागची बाजू.
त्यांचा आजा तांबट आळीत
हंड्यावर टिचकी मारून पत्र्याची जाडी सांगायचा.
व्हिडिओवरचा साहेब हसला, वाईट नाही हसला,
म्हणाला, कान नको, डेटा पाठवा.
पाठवला. पासवर्ड त्यांचा, कुलूप त्यांचं,
वीज तेवढी आमची.
बाराव्या दिवशी उत्तर आलं:
स्पिंडल. मागची बाजू.

नवं आलं, नगाच्या भावाने. चौदा लाख, ड्युटी वेगळी.
बोथरा शेठ कॅल्क्युलेटर न काढता म्हणाले,
साडेचार टन रिंगा.
आणि चहा तसाच ठेवून उठले.

जुनं उघडू नका, असं पत्रात होतं.
रंगनाथांनी शनिवारी उघडलं.
ग्रीस पुसलं, आणि मला हाक मारली:
ताई, हा ठसा तुमचा ना?
कडेला, घासून निम्मा राहिलेला लॉट नंबर,
माझ्या हातचा वाकडा नऊ.
लेक माहेरी आली होती म्हणा,
पण आडनाव बदलून, आणि आम्हीच
तिचं भाडं भरून आणलेली.

रंगनाथांनी ती दोरीला टांगली, पान्याने वाजवली.
बराच वेळ वाजत राहिली.
"ही शाबूत आहे. फुटलंय ते आतलं.
आतलं आपलं नाही."

मी ती काट्यावर ठेवली. सहाशे दहा ग्रॅम.
इथून गेली तेव्हा सहाशे ऐंशी होती.
सत्तर ग्रॅम तिकडे राहिले
आणि चौदा लाख कुठे बसलेत
ते काटा दाखवत नाही.

आयटीआयचा साहिल पिंजारी
पुस्तकाच्या कव्हरच्या आत पेन्सिलीने लिहीत होता:
७०४१. मागच्या बाजूला कान लावावा.
मग थांबून विचारलं,
काका, आवाज कसा लिहायचा?

रंगनाथ हात पुसत होते.
बाहेर बुधवारची गाडी शनिवारीच लागली होती,
ड्रायव्हर हॉर्न देत होता,
आणि माझ्या अजून अकरा पेट्या उघड्या.