शून्य थर

बटेव्हिया, इलिनॉय. पहाटेचे साडेतीन.
कूलिंगचा काटा उणे दहावर.
बाहेर कुंपणाआड बायसन, पाठीवर बर्फ.

लेनार्ट म्हणतो, शून्य थराला आणखी वीस व्होल्ट दे,
हल्ली त्याला कमी ऐकू येतं.
मी देते. गळता करंट चढतो,
मग थबकतो, श्वास धरल्यासारखा.

याची परीक्षा घ्यायची तर
याला काही विचारायचंच नाही.
बाकीच्या सात थरांवरून रेघ ओढायची
आणि बघायचं, रेघ गेली
तिथे याने काही टिपलं का.
शंभरातल्या ब्याण्णव वेळा, हो.
मागच्या हिवाळ्यात सत्त्याण्णव.

झोताच्या सगळ्यात जवळ बसवला,
म्हणून सगळ्यात आधी झिजला.
जे जे दिसलं
त्याने एकेक चरा पाडला आत.
गार ठेवलं की चरे चिघळत नाहीत,
एवढंच आपल्या हातात.

चारशे सतरावी पट्टी मात्र रात्रभर बडबडतेय,
समोरून काहीच गेलेलं नसताना.
नियमाप्रमाणे तिला यादीत टाकायचं, गप्प करायचं.
मी वहीत लिहिते:
४१७, गोंगाट. सकाळी पुन्हा बघावी.

लेनार्ट चष्मा कपाळावर सारून वाचतो.
पेन मागतो.
‘सकाळी’ खोडून ‘सोमवारी’ करतो.