कित्ता

मूस जॉमध्ये जानेवारी. उणे एकतीस.
गाड्या रात्रभर विजेच्या दोरीला बांधलेल्या, गुरांसारख्या.
लाँड्रीच्या मागे माझं दुकान:
एक हीटर, एक भिंग, एक जांभळा दिवा.
त्या दिवशी गिऱ्हाईक एकच.

म्हातारी. हातमोजे काढायलाच तिला वेळ लागला.
मग पर्समधून चपटा डबा, डब्यात मेणकागद,
मेणकागदात ओरेस्ट ह्नाट्यूक, गोलरक्षक,
मुखवट्याशिवाय. तेव्हा कोणी घालत नसे.
हनुवटीवर टाके, गुडघ्यांवर निळ्या शाईतली सही.
"खरी की खोटी, तेवढंच सांगा."

मी दिवा लावला. पुठ्ठा उजळला नाही,
म्हणजे जुना, त्याच काळातला.
कोपऱ्यात च्युइंगगमची पिवळी धूळ.
एक घडी सहीवरून गेलेली,
आणि घडीत शाई झिरपली नव्हती, तडकली होती.
सही आधी, घडी नंतर.

मग भिंग.
चोर लिहितो जपून. खरा माणूस लिहितो कंटाळून.
चोराचं पेन वळणावर थांबतं, श्वास घेतं,
तिथे शाईचा बारीक ठिपका राहतो.
इथे एकही ठिपका नव्हता.
हा घाबरलेला हात नव्हता,
आणि त्याचाही नव्हता.
माझ्याकडे त्याच्या कराराची प्रत आहे:
त्याच्या एचचे दोन खांब, मध्ये पूल नाही.
इथे पूल होता, आणि पुलाच्या टोकाला
कोट अडकवायला असतो तसा आकडा.

"शाई खरी, बाई. पुठ्ठा खरा, वर्षही खरं.
हात त्याचा नाही."

वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडेल.
ती म्हणाली, "बरं. किती झाले?"
पंधरा डॉलर. पावतीवर सही केली तिने,
स्टेफानिया एच...
आणि तिथेच मला दिसला आकडा.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात,
मी तर भिंग घेऊन बसलो होतो.

"बटाट्याच्या पोत्यातून पत्रं यायची," ती म्हणाली,
"ह्याची उजवी बोटं मोडलेली, नाहीतर हा झोपलेला.
आठवड्याला दोनशे सह्या. कडेवर पोर, चुलीवर बोर्श्ट.
करपायचं. तसंच खायचो.
आता थोरला म्हणतो, हे बाबांचं, मला. धाकटाही तेच म्हणतो.
माझं आहे ते. कुठेतरी लिहिलेलं असू दे."

माझ्या फॉर्मवर दोनच चौकोन असतात.
मी दुसऱ्यात फुली मारली, शिक्का मारला,
तिने कागद दिव्याखाली धरून वाचला, दोनदा.

दाराशी टोपी बांधताना म्हणाली,
"शेवटी त्याला आपलं नाव लिहिता येईना.
नर्स कागद आणायची, हा हेच कार्ड मागायचा,
शेजारी ठेवायचा, आणि बघून बघून गिरवायचा,
पहिलीतल्या पोरासारखा. पूल, मग आकडा."

ती गेली. बाहेर तिची गाडी
तिसऱ्या खेपेला खोकून सुरू झाली.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे तीन आल्या होत्या,
त्या वृद्धाश्रमातल्याच कुणाकुणाच्या नातवांकडून.
थरथर होती. वळणावळणावर ठिपके.
एचला आकडा.
मी तिन्ही परत पाठवल्या, दुसऱ्या चौकोनात फुली मारून,
आणि एकाला वर चार शब्द सुनावले,
की नकलाकाराला साधी नक्कलही जमली नाही.

खालचा खण उघडला. कार्बन प्रती चिकटल्या होत्या.
नखाने सोडवल्या, नंबर काढले.
पहिला फोन लागला नाही.
दुसरा एका लहान मुलीने उचलला,
म्हणाली, बाबा बर्फ उपसतायत,
काय सांगू?