राखेचं मैदान

भुसावळात, लोको शेडच्या मागे,
जिथे इंजिनं आपली राख सांडून जायची,
तिथे ती राख दाबून दाबून
कुणीतरी मैदान केलं.
गवत उगवलं नाही कधी.
एका कोपऱ्यात थोडा कुंदा होता,
तो बकऱ्यांचा.

पप्पा पॉइंट्समन. रात्रपाळी उतरून
डब्यासकट तसेच यायचे मॅचला
आणि मला तिसऱ्या पायरीवर बसवायचे,
कारण पहिलीवर पान थुंकणारे
आणि दुसरी मधोमध खचलेली.
सगळ्या पायऱ्यांवर मी एकटी मुलगी.
म्हणून शिव्या अर्ध्याच यायच्या,
उरलेली अर्धी खोकल्यात.

"मार ना भो! चेंडू काय पुजाले ठेवला?"
हे तायडे मास्तर.
चाळीस वर्षं त्यांनी प्रत्येक मॅच उभ्यानं पाहिली
आणि मागचे चाळीस वर्षं ओरडत राहिले,
मास्तर, बसा.

मैदानाला उतार आहे
हे बाहेरच्या संघाला हाफटाइमनंतर कळायचं,
जेव्हा चेंडू आपसूक तापीकडे निघायचा.
खंडव्याचा गोलकीपर म्हणाला होता,
हे मैदान नाही, घसरगुंडी आहे.
त्याला आम्ही खांद्यावर घेऊन स्टेशनात सोडला.
पाच गोल खाऊन एवढं खरं बोलणारा
पुन्हा आला नाही कुणी.

मे महिन्यात साडेपाचलाही राख तापलेली.
बुटांचे तळवे सुटायचे.
डग्लस लोबो अनवाणी खेळायचा.
बूट घातले की मला ऐकू येत नाही, म्हणायचा.

आणि पडलं कुणी, की राख कातडीत शिरायची.
जखम भरून यायची, राख आतच.
गुडघ्यावर निळा-काळा ठिपका राहायचा,
देवीच्या व्रणासारखा, जन्माचा.
सुरतेच्या बाजारात, इटारसीच्या फलाटावर
कुणाची लुंगी जरा वर सरकली
की विचारायचं, राखेवरचा का भो तू?

माझ्याही गुडघ्यावर आहे.
सेमीफायनलला चेंडू पायऱ्यांकडे आला,
सगळे म्हातारे नुसते बघत होते,
मी उतरले, लाथ मारली, आपटले.
पप्पांनी घरी सांगितलं, सायकलवरून पडली.
त्यांचं मला माहीत असलेलं
हे एकमेव खोटं.

आता हायवेला नवं मैदान झालंय.
हिरवं, दिव्यांचं, खुर्च्यांना नंबर असलेलं.
चांगलं आहे, उगाच नावं का ठेवू?
पोरं पडतात आणि तशीच स्वच्छ उठतात.
मी गेले होते दोनदा. माझी खुर्ची सत्तावन्न.
शेजारी छप्पन्न कोण, ते कळलं नाही.

इस्माईल फिटर वारले तेव्हा
रफिक सांगत होता,
अब्बांना आंघोळ घालताना मळ समजून
गुडघा घासत राहिलो,
मग हात थांबला.

गेल्या रविवारी मोजणीवाला आला.
विशीतला पोरगा, स्टीलची टेप.
हद्द कुठे, म्हणाला.
चुना तर केव्हाच उडालेला.
तायडे मास्तर काठी टेकत उतरले,
चपला काढल्या,
पायानं चाचपत चाचपत गेले
आणि एके जागी थांबले. इथून.
पोरानं चारही बाजू मोजल्या, पुन्हा मोजल्या.
"काका, एक बाजू तीन हात आखूड आहे.
हे चौकोनी नाहीच!"
"हळू बोल," मास्तर म्हणाले,
"खंडव्याले ऐकू जाईन."

आम्ही हसलो. पायऱ्यांवर सातच जण होतो,
तरी शेडवरची कबुतरं उडाली.

पोरगा टेप गुंडाळायला गुडघ्यावर बसला,
उठला,
पँट झटकू लागला.
थोडी निघाली. थोडी नाही.