शिंक

वखारीत शिंक अपशकुनाची नसते,
हे नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगतात.
तंबाखूची धूळ नाकात जाते, शिंक येते, संपलं.
पंधरवड्यात नाक मरतं.
मग शेजारी मिरची भाजली तरी
आमच्यातली एक शिंकत नाही.

हे आधी सांगून ठेवते. पुढं लागेल.

त्या रात्री पोती मोजायची राहिली होती.
आम्ही सहाजणी, सगळ्या मुरलेल्या:
रत्नाक्का, हौसा, जैनब, अकोळच्या दोघी बहिणी, आणि मी.
लाईट गेलेली. कंदील एकच, कारकुनाच्या मेजावर.
तवंदी घाट उतरून येणाऱ्या ट्रकचा उजेड
झरोक्यातून आत शिरायचा
आणि थप्प्यांच्या सावल्या भिंतीवर उठून
परत खाली बसायच्या.

हौसा म्हणाली, "आज काय हे संपत नाही. चला."
आणि थप्पीच्या पल्याड कुणीतरी शिंकलं.

एकदाच. पदरात दाबलेली, बारीक.

जैनब म्हणाली, "खरं बोललीस बघ, शिंक आली."
रत्नाक्का म्हणाली, "निघताना शिंक? बसा गं दोन मिनटं."
आम्ही दोघींचंही ऐकलं.
बसलो, मग निघालो.
कोण शिंकलं, हे कुणी विचारलं नाही.
सहाजणी होतो,
सहाही नाकं मेलेली.

आता मागं जाते.
अकरा वर्षं मागं, शिमग्याच्या आधल्या सोमवारी
एक पोरगी कामाला आली. सौंदलग्याची, का बेनाडीची.
कारकुनानं नाव कन्नडात लिहिलं, मराठीत वाचलं,
मधल्या मध्ये एखादं अक्षर सांडलं असणार.
कमळव्वा, काशव्वा, का नुसती कमळी,
आमच्यात आजही एकमत नाही.
सकाळपासून शिंकत होती. आम्ही हसत होतो.
तिला मराठी कमी कळायचं, म्हणून मीच म्हणाले,
"नाळे बा. उद्या ये. उद्या थोडं कमी होईल."

दुपारच्या भोंग्यानंतर थप्पी ढासळली.

पोती उपसली तेव्हा खाली पितळी डबा मिळाला, चेपलेला.
पोरगी नाही.
कुणी म्हणालं, भिऊन मागच्या दारानं पळाली.
कुणी म्हणालं, शेठनं जीपमधून चिकोडीला नेली, दवाखान्यात.
डब्यात भाकरी होती, एक तुकडा मोडलेली.
मस्टरवर त्या दिवशी ती हजर आहे.
गैरहजर असं
नंतर कुणी लिहिलंच नाही.

खालच्या अंगाला, धारवाडाकडं,
लोक दारावर खडूनं लिहितात: नाळे बा.
रात्री जी हाक मारत येते
ती वाचते, परत फिरते,
दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते.
हे मला फार उशिरा कळलं.
मी तिला घालवलं होतं
का बोलावलं होतं?

एक गोष्ट त्या पाचजणींना सांगितलेली नाही.
त्या रात्री सगळ्या बाहेर पडल्यावर
मी कंदील घेऊन पल्याड जाऊन आले.
मांजर होतं, असं सांगेन कुणी विचारलं तर.
वखारीतली मांजरंही शिंकतात.
धुळीत एक जागा स्वच्छ होती,
मांडी घालून बसावं एवढी.
मांजराला एवढी जागा कशाला लागते?
पण पोतं ओढलं असेल कुणी. पोती ओढतातच.

वखार बंद पडून नऊ वर्षं झाली.
तिथं आता टायरचं गोडाऊन आहे.
माझं नाक जागं झालंय, हळूहळू,
फोडणीचा वास येतो, शेणाचा येतो.

काल दिवेलागणीला बाहेर पडले,
कडी लावताना शिंक आली.
एकदाच. बारीक.
आणि आतून कुणीतरी म्हणालं, "उद्या ये."

शेजारची पद्मव्वा दूधवाल्याला म्हणाली असेल.
भिंत एकच आहे, आणि तिचा आवाज तसाच आहे.

मी उंबऱ्यावर दोन मिनटं बसले,
रीतीप्रमाणं.
दोन मिनटं झाली असतील कधीच.