सहावं

मार्डीच्या माळावर, कडब्याच्या गंजीआड
ठिपकीला जागा करून दिली.
खाली चादर, साखर पेठेत सासऱ्यांच्या मागावरची,
काठ चुकला म्हणून घरातच राहिलेली.
इरण्णा कंपाउंडर सांगून गेला होता :
अंग गार लागलं की समजा, आज रात्री.
पोट दाबून बघू नका.
तरी मी हात ठेवलाच.
आत कुणीतरी कूस बदलली.

दोनच्या सुमाराला तिनं कान टवकारले.
भुंकली नाही.
बॅटरी मारली,
कुसळीत दोन हिरवे ठिपके,
मग हळूहळू अख्खी लांडगीण.
परवा म्हाळाप्पाची कोकरं नेली
ती हीच असणार.
काठी हातात होती माझ्या.
पण तिचं पोट जमिनीकडं ओढलेलं,
बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.
बॅटरी विझवली.
अंधारात आम्ही तिघीही
श्वास धरून.

उजाडेपर्यंत पाच झाली.
सहावं थंडगार, मुठीएवढं.
ठिपकी त्यालाही चाटत राहिली,
मी हळूच काढून घेतलं.

पुरायचं असतं, माहीत आहे मला.
खोरंही घेतलं होतं.
बांध ओलांडून गेले,
गवताच्या कडेला ठेवलं
आणि मागं न बघता आले.

म्हाळाप्पाला हे
सांगितलेलं नाही.