पाणी जोखताना

तुझ्ला शहरात जमीन अजूनही जराजरा खाली बसते.
शंभर वर्षं आम्ही तिच्या पोटातलं मीठ उपसलं,
पाण्यात विरघळवून, पंप लावून,
आणि झालेली पोकळी घरांनी हळूहळू भरून काढली:
आधी उंबरे, मग खिडक्या, मग एक अख्खी गल्ली.
नळ मात्र सरळच राहिले पाहिजेत, असा आमच्या खात्याचा नियम.

माझं काम हिशेबाचं.
चारशे सतरा गाठी, तीन टाक्या,
मधे वाहिन्यांचं जाळं.
प्रत्येक गाठीला विचारायचं,
गरज भागून वर किती दाब उरला?
उरल्यासुरल्याची बेरीज,
भागिले जेवढा उरू शकला असता तेवढा.
येतो तो आकडा शून्य आणि एकच्या मधला,
अहवालात त्याला म्हणतात तग धरण्याची क्षमता.
शहराचं बळ म्हणजे वर उरलेलं.
शिकताना हे पटलं होतं,
पगाराच्या आधीच्या आठवड्यात जास्त पटतं.

सेनाहिद आकडे वाचत नाही.
रात्री दोनला लोखंडी दांडा रस्त्याला टेकवतो,
दुसऱ्या टोकाच्या लाकडी वाटीला कान,
आणि गळती कुठे ते सांगतो.
चुकलाच तर एका पावलानं.
त्याच्या मते चांगलं जाळं म्हणजे
पाण्याला घरी यायला दुसरी वाट असलेलं.
"माणसालाही," म्हणतो, आणि दांडा पुसतो.
लढाईच्या वर्षांबद्दल तो एवढंच बोलतो.

जानेवारीत, उणे अकराला,
मोठी वाहिनी सांध्यातून निखळली.
संगणक म्हणाला, वरची टेकडी आधी कोरडी पडेल,
गाठ दोनशे नऊ, चौदा मिनिटांत.
मी फोनजवळ बसले.
तास गेला. तीन गेले. उजाडलं.
तक्रारी: निरंक.
साहेबांनी लिहायलाही घेतलं,
विश्वासार्हता शून्य पूर्णांक नव्व्याण्णव.

दाबमापक घेऊन मी बर्फातून वर चढले,
मुनेवेराबाईंच्या नळाला लावला.
काटा जागचा हलला नाही.
तोटीतून नुसती हवा, म्हाताऱ्या मांजरासारखी.

"फोन का नाही केलात?"
"कशाला? तुम्हाला ठाऊकच असणार की."

न्हाणीघरात टब काठोकाठ,
झाकण म्हणून एक जुनं दार, कडीसकट.
ओट्याखाली अकरा कॅन, प्रत्येकावर तारीख.
"तीस वर्षं भरतेय. दर गुरुवारी बदलते,
जुनं प्लमच्या झाडाला."
त्यातल्याच पाण्याची कॉफी त्यांनी मला दिली.
गाठ दोनशे नऊवर बसून मी ती प्यायले.
गोड होती. जास्तच.

संध्याकाळी वाहिनी सांधली, पाणी सोडलं.
पडद्यावर दाब चढला, चढला,
आणि धाडकन कोसळला.
माझ्या तोंडचं पाणी पळालं.
सेनाहिद, दुसरीकडे फुटली!
त्यानं दांडा टेकवला.
डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला.
"फुटली नाहीये," म्हणाला. "भरतायत."

अख्खी टेकडी, सगळे टब, एकदम.
एकोणीस मिनिटं.

तो आलेख मी छापून ठेवलाय.
त्यातल्या खळग्याला सूत्रात जागा नाही.
मागणी म्हणावं, तर तहान कुणालाच नव्हती.
गळती म्हणावं, तर थेंब वाया गेला नाही.
इतकी वर्षं मी यांचं पाणी मोजत आले,
त्या एकोणीस मिनिटांत टेकडीनं आमचं पाणी जोखलं.

अहवालातला नव्व्याण्णव मी खोडलाय.
त्या जागी काय, हे साहेब रोज विचारतात.

आज गुरुवार.
चारच्या सुमारास दोनशे नऊचा दाब
केसभर उतरेल,
आणि थोड्या वेळानं पुन्हा जागेवर येईल.