कमानीतला ठिपका

ट्रॉम्सोत दुपारी दोनलाच अंधारतं.
रान्वेई कोट न काढताच पियानोशी बसलीय,
पुढ्यात शंभर वर्षांपूर्वीची कविता:
घसरगाडी हरवून आलेला मुलगा
जिन्यातून आईला हाक मारतो.

शब्द सोपे. चालही कालच सापडली.
अडलंय ते हाकेनंतरचं,
कवीनं तिथं नुसता स्वल्पविराम दिलाय.

तिनं दोन मात्रा रिकाम्या सोडल्या.
डावा हातही उचलून घेतला.

टोर्गाइर, फेरीबोटीवरचा निवृत्त खलाशी,
अडुसष्टाव्या वर्षीही खर्ज शाबूत,
हाक गातो, थांबतो,
आणि पुढची ओळ उचलतच नाही.
दाराकडे बघत राहतो.

खाली बर्फ उपसणारं यंत्र
रस्ता खरवडत जातं.

"पुन्हा घेऊ या?" असं ती म्हणत नाही.
पेन्सिलीनं त्या विरामावर
एक छोटी कमान काढते,
कमानीत ठिपका:
हवं तेवढं थांब.